राणीसाहेबांची शिकवणी

कोल्हापूर, रविवार, ता. ८ एप्रिल १९५१

चि. मीनाक्षी हिस,

आशीर्वाद. प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझी छत्री राजछत्र झाली आहे.

घटना अशी. स्टुडिओत छत्री भिंतीला टेकवून मी शिकवणीला बसलो. तासाभराने उठून पाहतो तो छत्री नाही. शोध घेत घेत राजसभेत पोचलो. तिथे तिला पांढरे रेशीम चढवलेले, कडेने मोत्यांची झालर, टोकावर बेगडी कळस, आणि ती एका मिशीवाल्या राजाच्या डोक्यावर धरलेली. दांडा मी ओळखला. त्यावर तुझ्या लहानपणच्या दातांच्या खुणा आहेत. मी हक्क सांगितला. तिथले सामान सांभाळणारा केरबा म्हणाला, "आता न्हाय मिळायची, शास्त्रीबुवा. चार सीनमधी राजाच्या डोक्यावर दिसलीया. मधनंच गेली तर लोक म्हणतील, राज्य गेलं." तेव्हा ऐन चैत्रात मी डोक्यावर उपरणे घेऊन घरी येतो आणि एका खोट्या राजाला सावली मिळते.

स्टुडिओ हा शब्द वाचून तू पत्र खाली ठेवले असशील, तर पुन्हा उचल. तुला कळवू नये असे मीच आईला सांगितले होते. पाठशाळेत आता विद्यार्थी चार. त्यांतला एक सासुरवाडीला गेला आहे आणि एक वर्गात नेमाने झोपतो. म्हणून फेब्रुवारीपासून दुपारी मी एका स्टुडिओत जातो आणि नटनट्यांची वाणी शुद्ध करतो. चित्रपट पौराणिक आहे. कथा कोणत्या पुराणातली, असे दिग्दर्शक गणपतरावांना विचारले तर म्हणाले, "कुठल्याच न्हाय. पुराणातली घेतली की तुमच्यासारखी चार माणसं चुका काढाय येत्यात." या मुद्द्याचे खंडन मला अजून सुचलेले नाही.

माझी मुख्य शिष्या शालूबाई. बिद्रीकडची, शेतकरी घरातली, वय तिशीचे. नवरा वारल्यावर कोल्हापुरात आली, दोन वर्षे गर्दीच्या दृश्यांत घागर घेऊन चालली, आणि एके दिवशी गणपतरावांनी तिचा चेहरा पाहून तिला एकदम राणी केले. राणीला मोठे दृश्य एकच. शत्रू वेशीशी आला आहे आणि ती आपल्या आठ वर्षांच्या मुलीला मागच्या दाराने आश्रमात पाठवून देते. "जा बाळे. मागे वळून पाहू नकोस. तू वळलीस, तर मला दार लावता येणार नाही." एवढेच बोलणे. शालूबाईची स्वतःची तेवढीच मुलगी गावी भावजयीपाशी आहे. हे दृश्य साधले तर शालूबाईला स्टुडिओत वर्षाची नोकरी पक्की, म्हणजे मुलीला इथे आणून शाळेत घालता येईल. न साधले तर पुन्हा घागर, नाहीतर गाव.

उच्चार मी इतके घासून घेतले आहेत की पाठशाळेतल्या चौघांना ऐकवावेत. पण राणी लेकीला निरोप देते तो असा, की दवंडीवाल्याने उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणून सांगावे. मी निष्कर्ष काढला आहे की बाई भावनाशून्य आहे.

काल आई तुझे पत्र वाचून दाखवत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तुझ्या वहीत शेरा लिहिल्याचे त्यात होते: वर्गात मुलगी रडू लागली की शिक्षिकेचेही डोळे भरतात, हे शिस्तीला बाधक आहे. तिथे आई थांबली आणि पुढचे मनात वाचले. तुझी पत्रे मला अशी गाळून मिळतात. मी माझ्या स्वभावाप्रमाणे काहीतरी बोललो. काय ते लिहीत नाही. मग स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात लावली गेली.

तर, माझ्या शिष्येपाशी जे मुळीच नाही ते माझ्या मुलीपाशी शिस्तीला बाधक होण्याइतके आहे. विचारतो ते बाप म्हणून नव्हे, समव्यवसायी म्हणून. जिला आतून काही हलत नाही, तिला काय शिकवतात?

यंदाच्या सुट्टीत तू गडहिंग्लजलाच राहणार, हेही आईने वाचले. मी तिला म्हटले, काम असेल.

तात्या

कोल्हापूर, गुरुवार, ता. १२ एप्रिल

चि. मीनाक्षी,

तुझे कार्ड काल आले. त्यावर माझे नाव होते. पोस्टमनने सवयीने ते तुझ्या आईच्या हातात दिले. तिने पत्ता दोनदा वाचला आणि ते माझ्या पानाशेजारी ठेवले. दोन वर्षांतले पहिले. त्यावर वरणाचा डाग पडला आहे, तो तिच्या हातून नव्हे.

पहिल्या ओळीत नमस्कार, शेवटच्या ओळीत नाव. मधे मजकूर एवढाच: "बाई चुकल्यावर काय करतात ते नको, चुकण्याच्या आधी काय करतात ते पाहा."

यावर माझा पूर्वपक्ष असा. चूक ही घडल्यावर चूक होते. घडण्यापूर्वी ती कुठेच नसते, आणि जे नाही ते पाहायचे कसे? ज्योतिष्याकडे जाऊन? असला उपाय कोणत्याही शास्त्रात बसत नाही. तरी पाहिले. तुझे मत खोडून काढावे म्हणूनच पाहिले.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. मी समोर, मधे मेज, मेजावर तपकिरीची डबी. उच्चार चुकला की डबीने एक टक. तोंडाने रागावावे लागत नाही आणि पाठही थांबत नाही. तीस वर्षे मी असेच शिकवत आलो.

आता निरीक्षणे. "वळून" या शब्दापाशी बाई दर वेळी अडते. अडण्याआधी डाव्या हाताचा अंगठा मुठीत जातो. मग श्वास थांबतो. मग ती पाहते, आणि पाहते ती मेजाकडे, माझ्या हाताकडे. मग मी टक करतो. आणि मग तिचा श्वास सुटतो, जणू जे यायचे होते ते येऊन गेले. हे मी काल दुपारी सात वेळा पाहिले. आठव्यांदा डबी वाजवलीच नाही, तर ती बिचारी वाट पाहत थांबून राहिली.

याहून मोठी गंमत आज झाली. प्रत्यक्ष चित्रण होते. मी कॅमेऱ्याच्या मागे बसलो होतो. राणीने मुलीला जवळ घेतले आणि त्या पोरीच्या डोक्यावरून थेट माझ्याकडे पाहिले. "मागे" झाले, "वळून" आले, आणि माझा हात आपोआप हलला: टक. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे यंत्र काढले आणि विचारले, "राजवाड्यात सुतार कोण बसलाय?"

सगळे हसले. फिल्म वाया गेली. गणपतराव मला काही बोलले नाहीत.

निष्कर्ष अजून काढलेला नाही. उन्हाळा फार आहे, एवढेच कळवतो.

तात्या

कोल्हापूर, मंगळवार, ता. १७ एप्रिल

चि. मीनाक्षी,

मागच्या पत्रात एक असत्य आहे. गणपतराव बोलले. सगळ्यांदेखत बोलले. "शास्त्रीबुवा, बाई लेकीला निरोप देत्यात की तुम्हास्नी? बाई बघत्यात तुमच्याकडं, तुम्ही बघताय डबीकडं, आणि ती पोरगी उभी हाय मधी, पावण्यासारखी." मग शालूबाईकडे वळून म्हणाले, "जोतिबाची जत्रा हाय, फुडच्या गुरुवारपास्नं काम बंद. जत्रा झाल्यावर सोमवारी एकदा घेणार. न्हाय झालं तर पुण्याची बाई येतीया." शालूबाई "व्हय" म्हणाली. डोक्यावरचा मुकुट तिने काढला, पदराने पुसला आणि पेटीत ठेवला. कोणी कोणाचे भांडे परत करावे तसा. मला तिच्याकडे पाहता आले नाही, म्हणून तुला लिहिताना तो भाग गाळला. तुझ्या आईची युक्ती मलाही येते.

तुझे पाकीट शनिवारी आले. दोन दिवस ते कोटाच्या खिशात होते. आईने विचारले, तर सांगितले की शब्दरूपांविषयी शंका विचारली आहे. हे अगदीच खोटे नव्हे. तू लिहितेस, "रूपं मला तुमच्यासमोर कधीच आली नाहीत, तात्या. तुम्ही सकाळी पूजेला बसायचात, तेव्हा मी मागे भिंतीशी उभी राहून म्हणायची. तेव्हा सगळी यायची. तुम्ही शालूबाईंकडे पाठ करून बसून पाहा."

मला वाटायचे, तू मागे देवाला हात जोडून उभी आहेस. मुलगी भाविक निघाली म्हणून मी दोनचार लोकांना सांगितलेही होते.

आणि ते दुसरे. सहा वर्षांत या घरात कोणी तो विषय काढला नाही. तू काढलास म्हणून लिहितो. संस्कृतच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, सगळे येत असताना दिलेला कोरा कागद, आणि त्यावर पाहुण्यांदेखत मी काढलेले उद्गार, की देवाने हिला डोळे दिले ते फक्त पाणी साठवायला. पाहुणे हसले होते. माझ्या बोलण्याला लोक हसतात. तू लिहितेस की परीक्षेला देखरेखीचे गृहस्थ बाकांमधून फिरत होते आणि त्यांच्या हातातली पेन्सिल जाता जाता बाकांवर वाजत होती. एवढेच लिहिले आहेस, पुढे काही नाही. मी ते वाक्य बऱ्याच वेळा वाचले.

काल स्टुडिओत गेलो आणि खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. डबी खिशात.

"रागावलासा व्हय, शास्त्रीबुवा?" शालूबाई म्हणाली.

"नाही. मान आखडली आहे."

"मग शेकून घ्यावी की. मीठ गरम करून फडक्यात बांधायचं."

"बरं. तुम्ही बोला."

ती बोलली. अडली. मी भिंतीकडे पाहत राहिलो. पुन्हा बोलली, पुन्हा अडली. भिंतीवर चुन्याचा एक पोपडा आहे, तो मला आता पाठ आहे. चेहरा दिसत नसला की माणसाचे बाकीचे ऐकू येते, हे मला या वयात कळले. राणीची बांगडी वाजली. एकदा पदराची सळसळ झाली. चौथ्या वेळी मधेच थांबून ती आपल्या बोलण्यात म्हणाली,

"एक इचारू? राणी म्हणतीया, मागं वळू नगो. मग लेक वळती का?"

"गोष्टीत वळते."

"माझी न्हाय वळली."

मी काही बोललो नाही. एरवी मी काहीतरी बोललो असतो, आणि ते चांगले असते.

"मी निघाले तवा वैनीनं तिला उसाचं कांडं दिलतं," शालूबाई म्हणाली. "ती सोलत बसली हुती. मी बांधापातुर गेले, मागं बगितलं, तर तिचं ध्यान उसात. मला बरं वाटलं, रडली न्हाय म्हणून. आणि मोटारीत बसले आणि मग लई वाईट वाटलं. बरं का वाटलं, म्हणून वाईट वाटलं."

पहिल्या पत्रात मी तिच्यासाठी एक शब्द वापरला आहे. पोस्टात पडलेले पत्र परत मागता येत नाही. तेव्हा तो तूच खोड.

पुढे काय करायचे असते ते मला ठाऊक नव्हते. तुला ठाऊक असते. मी तपकीर ओढली, म्हणजे नाक पुसायला कारण झाले. मग ती म्हणाली, "आता बोलू व्हय?" आणि बोलली. शुद्ध बोलली. "वळून" आले आणि गेले, दारातून माणसाने जावे तसे.

येत्या सोमवारचे मात्र काही सांगता येत नाही. तिथे दिवे असतात, चाळीस माणसे असतात आणि गणपतराव असतात. भिंत नसते.

तात्या

कोल्हापूर, मंगळवार, ता. २४ एप्रिल

चि. मीनाक्षी,

काल झाले. क्रमाने सांगतो, नाहीतर तू शेवट आधी वाचशील.

जत्रेहून माणसे परतली होती. सगळ्यांच्या कपाळाला आणि कानांमागे गुलाल, आणि चेहरे रंगवणारा माणूस राजाच्या मानेवरचा गुलाल घासून काढत होता. मी केरबाला म्हटले, मला अशा जागी बसव की जिथून राणीला मी दिसणार नाही. त्याने तटबंदीमागे स्टूल दिले. तटबंदी पुढून काळ्या दगडाची आणि मागून चहाच्या खोक्यांची आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसलो. चित्रण सुरू होण्याआधी शालूबाई मला शोधत तिथवर आली. मला वाटले, काही विचारेल. तिने नुसते पाहिले, मी कुठे आहे ते, आणि गेली.

दिवे लागले. आधी पैंजणांचा आवाज आला. मुलीचे काम करणारी पोर धावत आली असावी. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "जा बाळे." पुन्हा काही नाही. "मागे वळून पाहू नकोस."

मी शेवटच्या वाक्याची वाट पाहत होतो. त्या वाक्यावर मी तीन आठवडे खर्च केले आहेत. "लावता" मधला "ला" लांबवायचा नाही, "येणार" नंतर क्षणभर थांबायचे, सगळे. ते आलेच नाही. पैंजण लांब गेले. मग दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मी मनात म्हटले, गेले. विसरली. आता पुण्याची बाई येणार आणि ही गावी जाणार.

गणपतराव स्वतः तटबंदीला वळसा घालून आले. "शास्त्रीबुवा, शेवटचं वाक्य ऱ्हायलं की. परत घ्यायचं का?"

"तुम्हांला काय वाटतं?"

"मला इचारू नगा. मला आता काय बी इचारू नगा." त्यांच्या हातात रुमाल होता. एवढा दणकट माणूस, पण रुमालाची घडी उलगडायचे त्याला सुचत नव्हते, तशीच डोळ्याला लावत होता. "तुमचं काम हाय, तुम्ही सांगा. लोक म्हणतील, शास्त्र्यानं वाक्य खाल्लं."

"म्हणू देत," मी म्हटले. "राहू द्या तसंच."

नंतर शालूबाई भेटली. मुकुट अजून डोक्यावर, आणि हातात चहाचा कप. मी विचारले, वाक्य आठवले नाही का. ती म्हणाली, "ध्यानात हुतं की. पर त्ये बोलले असते तर दार लावाय झालं नसतं." मी तिला त्या वाक्याचा अर्थ तीन आठवडे समजावून सांगत होतो, आणि तो तिला माझ्यापेक्षा चांगला कळला होता.

नोकरी पक्की झाली. मुलगी जूनमध्ये येणार. शाळेत नाव घालायला मी बरोबर यावे, असे मला विचारण्यात आले नाही, सांगण्यात आले.

गणपतराव म्हणाले, "ही तुमची नवी पद्धत झ्याक हाय. राजाला पण अशीच शिकवा." मी म्हटले, पद्धत माझी नाही, गडहिंग्लजला एक शिक्षिका आहेत, त्यांची आहे. "मग आणा की त्यांस्नी हिकडं." मी म्हटले, त्यांना तिथे नोकरी आहे आणि वहीत शेराही आहे. शेऱ्याचे त्यांना काही कळले नाही.

त्या शेऱ्याविषयी मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहावे म्हणून मी मसुदा केला होता. तुझ्या आईने वाचला आणि म्हणाली, "फाडा. तिचं तिला बघू दे." फाडला. त्यात एकच वाक्य बरे होते, ते तुला देतो. माझ्या वर्गात तीस वर्षांत एकही विद्यार्थी रडला नाही, आणि इतकी वर्षे मी ते माझ्या शिस्तीचे यश समजत होतो. तुझ्यासमोर मुली रडतात, म्हणजे त्यांना तुझ्यासमोर रडता येते. अशा बाईपाशी शिकलेले राहते. शालूबाईचे राहिले, आणि तिने तर तुला पाहिलेलेही नाही.

सुट्टीत तुला तिथे काही काम नाही, हे मला ठाऊक आहे. आईलाही ठाऊक आहे. आम्ही दोघे एकमेकांना सांगतो की काम असेल.

तू येणार नाहीस, याची मला काळजी वाटते. पण त्याहून जास्त वाटते ती तू आलीस तर, याची. शालूबाईपुढे गप्प बसणे मला जमले, कारण ती माझी कोणी नव्हे आणि तिच्याशी मी कधी वाईट वागलो नव्हतो. तू दारात आलीस की मला काहीतरी बोलायला सुचेल. ते चांगले असेल, आई हसेल, तूही हसशील, आणि मग तू आत जाशील आणि सुट्टी संपेपर्यंत "हो" आणि "नाही" एवढेच बोलशील. मागच्या दोन्ही वेळी असेच झाले. मला ते दिसत होते आणि थांबता येत नव्हते. यावर काय करायचे, ते मला माहीत नाही, मीने.

तात्या